पाठीमागची जखम

एडविन स्मिथ पपायरस या प्राचीन इजिप्शियन शस्त्रक्रियाग्रंथाची उपलब्ध प्रत इ.स.पू. 1600 च्या सुमाराची. तीत 48 रुग्णांची वर्णने डोक्यापासून सुरू होऊन खाली सरकत जातात आणि कण्याच्या दुखापतीपाशी वाक्य अर्धवटच तुटते. कंबर येतच नाही. हा योगायोगच म्हणायचा, पण कंबर, त्रिकास्थी (कण्याच्या तळाचे, माकडहाडावरचे हाड) आणि कुल्ल्यांवरच्या उघड्या जखमांची पुढेही बराच काळ आबाळ झाली. जागाच अडचणीची. रुग्णाला स्वतःला दिसत नाही, उताणे झोपले की सगळा भार तिथेच, आणि गुदद्वार अगदी लगत.

सुश्रुतसंहिता मात्र या भागात रेंगाळते. तिच्या 107 मर्मांपैकी, म्हणजे इजा झाली तर जिवावर किंवा अंगावर बेतणाऱ्या नाजूक जागांपैकी, कटीकतरुण, कुकुंदर आणि नितंब ही इथलीच. कटीकतरुणाला इजा झाली तर रक्त जाऊन रुग्ण पांढरा पडतो आणि दगावतो. कुकुंदराला झाली तर खालच्या अंगाची संवेदना आणि हालचाल जाते, असे तिथे म्हटले आहे. मर्मे आजच्या शरीरशास्त्राशी नेमकी जुळवण्याचा खटाटोप मला पटत नाही. निरीक्षण मात्र चोख आहे.

खरा वाद पेटला एकोणिसाव्या शतकात, तोही माकडहाडाजवळच्या शय्याव्रणांवरून, म्हणजे अंथरुणाला खिळून पडणाऱ्या जखमांवरून. फ्रेंच मज्जातंतुतज्ज्ञ शार्को यांच्या मते, मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की कातडी आपोआप सडते. म्हणजे जखम जवळजवळ अटळच. शरीरक्रियातज्ज्ञ ब्राउन-सेकार यांनी 1853 मध्येच याच्या उलट मांडले होते: मज्जारज्जू कापलेल्या प्राण्यांना दाबापासून आणि मलमूत्राच्या ओलाव्यापासून जपले, तर व्रण टाळता येतात. पण वजन पडले ते शार्को यांच्या शब्दाला, आणि अर्धांगाच्या रुग्णांची जखम नशिबावर सोडण्याला शास्त्राचा आधार मिळाला. 1944 मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेविल रुग्णालयात मज्जातंतुतज्ज्ञ लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांची दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलण्याची शिस्त लावली. मलमापेक्षा हा बदल मोठा.

अपघात आणि गोळीच्या जखमांची वाट निराळी. ब्रिटिश शल्यविशारद लिस्टर यांची, कार्बोलिक ॲसिड वापरणारी जंतुनाशक पद्धत 1867 ची. पण मातीने माखलेल्या, मेलेल्या स्नायूंनी भरलेल्या जखमेला नुसते कार्बोलिक पुरत नाही, हे पहिल्या महायुद्धाच्या खंदकांनी शिकवले. मृत ऊती कापून काढा, जखम लगेच शिवू नका, काही दिवस उघडी ठेवून मग टाके घाला, हा क्रम तिथे पक्का झाला.

कटिभागाच्या जखमेला तेवढ्याने भागत नव्हते. कटिराचे (कमरेखालच्या हाडांच्या कड्याचे) हाड मोडून जखम गुदद्वाराजवळ उघडली की विष्ठा सतत आत झिरपते आणि आतल्या शिरा रक्त ओकत राहतात. जुन्या नोंदींत अशा रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास दगावलेले दिसतात. दुसऱ्या महायुद्धात मोठ्या आतड्याच्या जखमांसाठी आतडे पोटावर उघडून मल बाहेर वळवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे कोलोस्टॉमी, रुळली होती. 1970 च्या दशकात ती कटिराच्या उघड्या अस्थिभंगालाही सुचवली गेली. आता ती सरसकट करत नाहीत. जखम गुदद्वारापासून किती दूर आहे ते पाहून ठरवतात. आणि त्याही आधी कटिराला पट्टा आवळून रक्त थांबवतात.