पौरुषाची परीक्षा आणि लढतीचे खेळ

प्राचीन ऑलिंपियात इ.स.पूर्व ७०८ मध्ये कुस्ती, ६८८ मध्ये मुष्टियुद्ध आणि ६४८ मध्ये पँक्रेशन, म्हणजे चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे वगळता जवळजवळ सारे काही चालणारी झुंज, दाखल झाली. खेळाडू नग्न लढत आणि विवाहित स्त्रियांना तिथे प्रवेश नव्हता. पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाने नोंदवलेल्या एका कथेत मुष्टियोद्ध्याची आई प्रशिक्षकाच्या वेशात आत शिरते आणि मुलगा जिंकताच कुंपण ओलांडताना तिचे वस्त्र सुटते. वडील, भाऊ आणि मुलगा असे सगळेच ऑलिंपिक विजेते असल्यामुळे तिला शिक्षा झाली नाही. मात्र पुढे प्रशिक्षकांनीही नग्नच यावे, असा नियम झाला. कथा खरी असो वा रचलेली, लढतीच्या खेळांत बाई आत येऊ नये याची काळजी किती जुनी आहे, हे तिच्यातून कळते. त्या काळजीमागची कारणे मात्र दर काही पिढ्यांनी बदलत गेलेली दिसतात.

स्त्रिया लढतच नव्हत्या, असे म्हणता येत नाही. लंडनमध्ये १७२२ साली एलिझाबेथ विल्किन्सन हिने हॅना हायफिल्डला वृत्तपत्रातून मुष्टियुद्धाचे जाहीर आव्हान दिले, त्यातली अट मोठी बोलकी आहे. दोघींनी दोन्ही मुठींत अर्ध्या क्राउनचे एकेक नाणे धरायचे आणि जिच्या हातून नाणे आधी पडेल ती हरली. मूठ आवळलेलीच राहावी, म्हणजे ओरबाडणे किंवा केस ओढणे होऊ नये, असा या अटीचा हेतू सांगितला जातो. पैज लावणाऱ्या गर्दीला लढणारा पुरुष आहे की स्त्री याचे फारसे वावडे नव्हते.

दार घट्ट लागले ते खेळ ‘सभ्य’ होऊ लागल्यावर. १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुष्टियुद्धाच्या क्वीन्सबरी नियमांनी हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि खाली पडलेल्याला उठण्यासाठी दहा सेकंद, ही आजची चौकट दिली. याच काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या मध्यमवर्गाला कार्यालयात बसून काम करणारी आपली मुले मऊ पडतील, अशी धास्ती वाटू लागली होती. खेळाने शरीर कणखर होते आणि त्याबरोबर चारित्र्यही घडते, ही शिकवण शाळा आणि चर्च दोघेही देत होते. मुष्टियुद्धाचे काम आता पुरुष घडवणे हे ठरले, आणि ज्या कारखान्यात पुरुष घडवायचे तिथे स्त्रीला जागा असण्याचे कारणच उरले नाही.

हे पौरुषही सगळ्या पुरुषांसाठी खुले नव्हते. हेवीवेट किताब जिंकलेले गोरे मुष्टियोद्धे कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यांशी किताबासाठी लढण्याचे उघडपणे टाळत. कृष्णवर्णीय जॅक जॉन्सन १९०८ मध्ये विजेता झाला, तेव्हा निवृत्त गोरा विजेता जिम जेफ्रीज याला परत बोलावण्यात आले. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत हरवल्यावर अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मेली आणि लढतीचे चित्रीकरण दाखवण्यावर ठिकठिकाणी बंदी आली.

पुरुषांना स्वतःलाच ही परीक्षा किती महागात पडू शकते, याचे उदाहरण मात्र १९६२ चे आहे. मुष्टियोद्धा एमिल ग्रिफिथ पूर्वी न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांच्या टोप्या बनवणाऱ्या व्यवसायात काम करत असे. २४ मार्चच्या किताबाच्या लढतीआधी वजन करताना प्रतिस्पर्धी बेनी पॅरेटने त्याला स्पर्श करून समलिंगी पुरुषांना हिणवणारी स्पॅनिश शिवी दिली. तिचा अर्थ सरळ छापायलाही तेव्हाची वृत्तपत्रे कचरली. बाराव्या फेरीत पॅरेट कोपऱ्यातल्या दोरांत अडकला, ग्रिफिथने त्याच्या डोक्यावर एकामागून एक ठोसे लगावले, पंच मध्ये पडेपर्यंत पॅरेट शुद्ध हरपत होता, आणि हे सारे दूरचित्रवाणीवर थेट दिसत होते. दहा दिवसांनी तो मरण पावला. आपण एका पुरुषाला मारले ते जगाने माफ केले, पण पुरुषावर प्रेम करणे अनेकांना अक्षम्य वाटते, अशा आशयाचे उद्गार ग्रिफिथने उतारवयात काढले. खेळत असतानाच आपण समलिंगी असल्याचे व्यावसायिक मुष्टियोद्ध्याने, ऑर्लँडो क्रूझने, उघड सांगायला २०१२ साल उजाडावे लागले.

स्त्रियांनी दारे ठोठावली, त्यांच्या कहाण्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. १९५९ मध्ये रस्टी कानोकोगी हिने छाती बांधून, केस कापून न्यूयॉर्क राज्याच्या एका ज्यूदो स्पर्धेत पुरुषांच्या संघातून लढत जिंकली. ती स्त्री असल्याचे कळताच पदक परत घेतले गेले. तिच्याच पुढाकाराने १९८० मध्ये स्त्रियांची पहिली जागतिक ज्यूदो स्पर्धा झाली आणि १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये पदके मिळू लागली. कुस्तीला २००४ पर्यंत थांबावे लागले आणि मुष्टियुद्धाला २०१२ पर्यंत.

नकाराची कारणे जमवली तर एक चमत्कारिक यादी होते. ब्रिटनच्या मुष्टियुद्ध नियामक मंडळाने जेन काउच हिला परवाना नाकारताना मासिक पाळीपूर्वीच्या काळात स्त्रिया अस्थिर असतात, असा युक्तिवाद केला, तोही परदेशात जगज्जेतेपद मिळवून आलेल्या खेळाडूसमोर. १९९८ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला. सुमोत कारण पावित्र्याचे आहे. एप्रिल २०१८ मध्ये जपानमधील माइझुरू येथे भाषण करताना महापौर रिंगणातच कोसळले, तेव्हा धावत जाऊन छातीवर दाब देणाऱ्या स्त्रियांना ध्वनिक्षेपकावरून रिंगण सोडण्यास सांगण्यात आले. सुमो संघटनेने नंतर माफी मागितली. स्त्रियांना मनाई करणारी परंपरा मात्र कायम राहिली.

प्रवेश मिळाल्यावर प्रश्न रूपाचा झाला. प्रेक्षकांना पुरुष आणि स्त्रिया ओळखू याव्यात म्हणून स्त्रियांना स्कर्ट द्यावेत, असा आग्रह लंडन ऑलिंपिकपूर्वी मुष्टियुद्धाच्या जागतिक संघटनेत सुरू झाला आणि विरोधानंतर तो ऐच्छिक ठरला. दोन मुष्टियोद्ध्यांतली स्त्री कोणती हे पोशाखाशिवाय कळणार नाही, अशी भीती कोणाला होती, हे मला आजवर उलगडलेले नाही, कारण पुरुष आणि स्त्रिया एकमेकांशी लढतच नाहीत. पॅरिस २०२४ मध्ये हाच संशय पोशाखावरून शरीरावर आला. अल्जीरियाची इमान खलीफ आणि तैवानची लिन यू-टिंग या मुष्टियोद्ध्यांना आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटनेने लिंगपात्रतेच्या कारणावरून २०२३ च्या जागतिक स्पर्धेतून बाद केले होते. ऑलिंपिक समितीने पारपत्रावरील लिंग ग्राह्य धरून त्यांना खेळू दिले आणि दोघींनी सुवर्णपदके जिंकली. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेने २०२५ मध्ये जनुकीय लिंगचाचणी सक्तीची केली. सुरक्षितता आणि न्याय्य स्पर्धा हे तिथले प्रश्न खरे आहेत. पण स्त्रीपणाचा पुरावा मागण्याची प्रथा त्या प्रश्नांहून जुनी आहे, हेही विसरता येत नाही.

१८६७ ची तीन मिनिटेही अजून वादात आहेत. व्यावसायिक मुष्टियुद्धात स्त्रियांची फेरी सहसा दोन मिनिटांची आणि किताबाची लढत दहा फेऱ्यांची असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमांडा सेरानो आणि दानिला रामोस बारा फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटे, अशा पुरुषांच्याच वेळापत्रकावर लढल्या. व्यावसायिक किताब देणाऱ्या चार प्रमुख संघटनांपैकी तीन संघटनांनी मान्यता दिली. चौथीने, वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने, वैद्यकीय धोक्याचे कारण देऊन नाकारली. सेरानो जिंकली आणि डिसेंबरमध्ये तिने त्या चौथ्या संघटनेचा किताब सोडून दिला.