डोकं कुठे दुखतंय ते नंतर सांगा, दुखताना करता काय?

डोकं दुखतंय म्हटलं की घरातले पहिला प्रश्न विचारतात, कुठे दुखतंय? मग आपणही कपाळाला नाहीतर कानशिलाला बोट लावून दाखवतो. पण नुसत्या जागेवरून फारसं कळत नाही, दुखताना माणूस वागतो कसा ते बघितलं तर बरंच कळतं.

सगळ्यात कॉमन ते टेन्शन टाइप. दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं होतं, ठणका नसतो, मान-खांदे धरलेले असतात. अर्ध्या तासात जाईल नाहीतर आठवडाभर रेंगाळेल, पण माणूस कुरकुरत का होईना ऑफिसचं काम उरकतो, जिना चढतो, जेवतो. बाम, चहा, झोप, विषय संपला.

मायग्रेन म्हणजे अर्धशिशी, तिथे हे जमत नाही. डोकं ठणकतं, जिना चढलं की अजून ठणकतं, लाइट नको, टीव्हीचा आवाज नको, शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास पण नको, आणि माणूस पडदे ओढून गप्प पडून राहतो. औषध घेतलं नाही तर 4 ते 72 तास चालतं. एकाच बाजूला दुखायला पाहिजे असंही नाही, पुष्कळ जणांचं दोन्हीकडे दुखतं. काहींना आधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या साधारण तिप्पट.

आणि आपल्याकडे हेच बऱ्याचदा पित्ताच्या नावावर खपतं. उपास घडला, जेवायला उशीर झाला, उन्हातून आलं, डोकं चढलं, मग उलटी झाली आणि जरा उतरलं, म्हणजे पित्तच की! पण मळमळ हा बऱ्याचदा मायग्रेनचाच भाग असतो. अटॅकमध्ये जठर मंदावतं, आतलं पुढे सरकत नाही, आणि त्यात घेतलेली गोळी पण तिथेच पडून राहते. म्हणून डॉक्टर सांगतात की गोळी अगदी सुरुवातीलाच घ्या, सहन होईना झाल्यावर नाही. वर्षानुवर्षं नुसती अँटासिड खाणारे लोक बघितले की खरंच वाईट वाटतं.

सायनसचंही तसंच. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं समजणारे जवळपास 3000 लोक तपासले, त्यातल्या 88 टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनची निघाली. मायग्रेनमध्ये चेहऱ्याच्या संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस चाळवली की नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे गोंधळ होणारच. खऱ्या सायनसमध्ये घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, वास न येणं, कधी ताप असं असतं.

क्लस्टर डोकेदुखी क्वचित दिसते पण एकदा बघितली की विसरत नाही, कारण तो माणूस पडून राहतच नाही. येरझाऱ्या घालतो, डोकं धरून पुढेमागे हलतो. एकाच डोळ्यामागे भयंकर कळ, तोच डोळा लाल, त्याच बाजूची नाकपुडी चोंदलेली, पापणी उतरलेली. 15 मिनिटं ते 3 तास, आणि बऱ्याचदा रोज रात्री त्याच वेळेला. यात मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला की अनेकांना लवकर आराम पडतो.

अजून एक प्रकार आपणच तयार करतो. साध्या पेनकिलर महिन्यात 15 किंवा जास्त दिवस (एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेल्या कॉम्बिनेशनच्या गोळ्या किंवा ट्रिप्टान म्हणजे मायग्रेनवरची खास औषधं असतील तर 10 दिवसच) असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं, मग परत गोळी. यातून स्वतःच्या मनाने बाहेर पडू नका, डॉक्टरांना विचारून गोळ्या कमी करा.

काही वेळा मात्र प्रकार ओळखत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. मिनिटभराच्या आत एकदम टोकाला गेलेली डोकेदुखी, तापाबरोबर मान ताठ, बोलणं अडखळणं, हातपाय लुळा पडणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं. आणि पन्नाशीनंतर नव्यानेच डोकं दुखायला लागलं, कानशील हात लावला तरी दुखतं, भाकरी चावताना जबडा भरून येतो, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि उपचार लांबले तर नजर कायमची जाऊ शकते.