संवेदनप्रवणता (भावनिक व ऐंद्रिय)

आवाज, उजेड, वास, स्पर्श आणि इतरांच्या भावना यांची नोंद चारचौघांपेक्षा लवकर व खोलवर घेण्याची स्वभावप्रवृत्ती. बोली मराठीत तिला एकच असा शब्द नाही. मन हळवे असते, कान तिखट असतात. एकाच माणसात दोन्ही पुष्कळदा एकत्र नांदतात, पण घरातल्यांचा शेरा ठरलेला असतो : ‘तू फार मनाला लावून घेतोस.’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलेन एरन आणि आर्थर एरन यांनी १९९७ मध्ये ही संकल्पना मांडली व २७ प्रश्नांची मोजपट्टी दिली. अशी माणसे शंभरात पंधरा-वीस असावीत, असा सुरुवातीचा अंदाज होता. २०१८ मधील एका अभ्यासात साधारण ३० टक्के लोक अधिक, ४० टक्के मध्यम आणि ३० टक्के कमी संवेदनप्रवण आढळले. जुळ्यांवरील संशोधनानुसार माणसामाणसांतील या फरकाचा जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक असतो. हा आजार नव्हे.

पुण्यात या प्रवृत्तीची परीक्षा गणेशोत्सवात होते. नदीपात्रातले ढोल-ताशांचे सराव आधीच कित्येक आठवडे सुरू झालेले असतात. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियमांची (२०००) मर्यादा. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर १०० च्या आसपासचे आकडे मोजले गेले आहेत. अलका चौकात छातीत घुमणारा तोच ठेका एकाच्या अंगात वीज भरतो, तर दुसऱ्याला कधी घरी जातो असे होते. दुसऱ्याची भक्ती कमी असते असे नाही, मात्र तसे त्याला पुण्यात दरवर्षी समजावून सांगावे लागते. हाच माणूस डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवात तानपुरे जुळताना डोळे पुसताना दिसू शकतो. कलेने हेलावणे हाही या प्रवृत्तीचाच एक घटक संशोधकांनी मानला आहे.

स्वतःला ओळखताना खरी गल्लत होते ती कारणाची. शनिवारी संध्याकाळी तुळशीबागेत दोन तास खरेदी, हॉर्न, धक्के, दुकानांतले पांढरेफेक दिवे. मग घरी आल्यावर वहिनी सहज म्हणते, ‘एवढा वेळ लागला?’ आणि डोळे भरून येतात. रात्रभर वहिनीच्या बोलण्याचा कीस पाडला जातो, तुळशीबाग मात्र सुटून जाते. थकलेली इंद्रिये भावनेचे रूप घेऊन बोलतात, ते असे. वाद घालण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारता येतो : हेच वाक्य सकाळी, पोटभर नाश्ता झाल्यावर ऐकले असते तर एवढे लागले असते का? उत्तर ‘हो’ आले तर दुखावणे खरेच नात्यातले असू शकते, आणि तेव्हा सगळे खापर आवाजावर फोडणे ही पळवाट ठरते. दोन-तीन आठवडे झोप, भूक, गर्दी आणि चिडचिड यांची साधी टिपणवही ठेवली की आपला क्रम दिसू लागतो. आवळलेला जबडा, वर चढलेले खांदे, कपाळावरची ठणक ही शरीराची खूण बहुधा आधी येते, अश्रू नंतर.

अर्धशिशीतही उजेड व आवाज सोसवत नाहीत. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निदान-निकषांत २०१३ पासून संवेदनांना मिळणाऱ्या कमी-अधिक प्रतिसादाचा समावेश आहे. मचमच करून जेवण्यासारख्या ठरावीक आवाजांनीच संताप होणे ही मिसोफोनिया नावाची वेगळी अवस्था. चिंताविकारातही माणूस आवाजाला दचकतो. त्रास अलीकडेच सुरू झाला असेल किंवा त्यापायी काम, झोप बिघडत असेल, तर स्वभाव म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

उपाय घरगुती आहेत : कानात बोळे, शर्टाच्या मानेवरचे टोचणारे लेबल कापणे, कार्यक्रमात दाराजवळची खुर्ची. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याच्या पुणेरी प्रथेची बाहेरचे टिंगल करतात. तिखट कानांच्या माणसाला ती फार शहाणपणाची वाटते. निवांतपणासाठी वेताळ टेकडी आहेच, पण रविवारची सकाळ सोडून.