आधी लायसन्स दाखवा, मग अपडेट: एका अटीची पार्श्वभूमी

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज 10 चा मोफत सपोर्ट संपला आणि ऑफिसांच्या आयटी विभागांत एक जुना वाद पुन्हा उभा राहिला. मशीन चालतंय, लायसन्स रीतसर घेतलेलं आहे, बिल फाइलला लावलेलं आहे. तरीही यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असतील तर दर मशीनमागे पहिल्या वर्षी 61 डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट. तीन वर्षांचे मिळून 427 डॉलर. ज्यांच्याकडे चाळीस मशीन आहेत त्यांनी गुणाकार करून पाहिला आणि विचारलं, वापरायचा हक्क आम्ही विकत घेतला होता, मग त्यातला दोष दुरुस्त करून घ्यायचा हक्क त्यात नव्हता का?

वापराचा परवाना आणि सॉफ्टवेअरची दुरुस्ती या मुळात दोन वेगळ्या गोष्टी. त्यांची गाठ मारली गेली ती साधारण 2002 ते 2008 या वर्षांत, म्हणून या टिपणाचा बराचसा भाग त्याच काळाचा आहे.

त्याआधीचं थोडक्यात. नव्वदच्या दशकात ऑफिसात नेटवेअर या नेटवर्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर असायचा आणि लायसन्स फ्लॉपीवर यायचं: पाच युजर, दहा, पंचवीस. एकाच क्रमांकाची प्रत दोन सर्व्हरवर टाकली तर सर्व्हर एकमेकांना ओळखायचे आणि कॉपीराइटभंगाचा संदेश नेटवर्कभर झळकायचा. काही पॅकेजेसना प्रिंटरच्या पोर्टवर बसवायचं हार्डवेअर लॉक असे. ते हरवलं की काम बंद. अपडेट म्हणजे डीलरचा माणूस नवी फ्लॉपी घेऊन येणं, आणि तो लायसन्सची फाइल मागत नसे. कायद्याच्या बाजूला 1994 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 63 ब आलं: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर किमान सात दिवसांचा तुरुंगवास आणि किमान 50 हजारांचा दंड. त्यातून ऑफिसमालकांच्या मनात लायसन्सची धास्ती बसली. अपडेटची धास्ती तोवर कुणालाच नव्हती.

2001 मध्ये विंडोज एक्सपी आलं. दुकानातून घेतलेल्या प्रतीला ॲक्टिव्हेशन, म्हणजे प्रत कंपनीकडे नोंदवून चालू करून घेणं, सक्तीचं झालं, पण ऑफिसांना त्यातून सूट मिळाली. घाऊक लायसन्स घेणाऱ्याला एकच 'की', म्हणजे परवान्याचा पंचवीस अक्षरांचा क्रमांक, मिळायची आणि ती कितीही मशीनवर ॲक्टिव्हेशनशिवाय चालायची. दोनशे मशीन एकेक करून फोनवरून ॲक्टिव्हेट करणं कुणालाच शक्य नव्हतं, त्यामुळे ही सूट योग्यच होती. पण एक्सपी बाजारात यायच्या आधीच अशी एक की फुटली आणि जगभर पसरली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या मशीनवर कुठली की टाकली आहे, हे मालकाला ठाऊकही नसे. सप्टेंबर 2002 मध्ये पहिला सर्व्हिस पॅक, म्हणजे दुरुस्त्यांचा एकत्र संच, आला आणि त्याने फुटलेल्या किल्ल्यांवर बसायला नकार दिला. दुरुस्ती देण्याआधी परवाना पाहायचा, ही पद्धत ठळकपणे सुरू झाली ती इथे.

त्यात आपल्याकडच्या ऑफिसांचा एक वेगळाच घोळ होता. अनेकांनी स्वस्त पडतं म्हणून 'डॉस मशीन', म्हणजे विंडोजशिवाय येणारी मशीन, घेतली आणि नंतर त्यांवर घाऊक लायसन्स चढवलं. बिल खरं, पैसे दिलेले. पण विंडोजचं घाऊक लायसन्स हे फक्त अपग्रेडचं असतं. खाली मशीनसोबत आलेलं मूळ विंडोज असलं तरच ते लागू होतं. ऑडिटचं पत्र आलं की मगच हे उघड व्हायचं. पैसे भरूनही 'नॉन-जेन्युइन', म्हणजे बनावट प्रतवाली, ठरलेली प्रामाणिक माणसं मी पाहिली आहेत. कॅबिनेटच्या कडेला चिकटवलेला होलोग्रामचा स्टिकर हाच पुरावा होता, आणि सफाईच्या ओल्या फडक्याने त्यावरचे आकडे वर्षभरात पुसले जायचे. आम्ही शेवटी प्रत्येक स्टिकरवर पारदर्शक सेलोटेप लावली आणि पंचवीस अक्षरांची प्रत्येक की एका लांब रजिस्टरमध्ये उतरवून घेतली.

मग 2003 चा ऑगस्ट. 16 जुलैला एका गंभीर दोषाची दुरुस्ती जाहीर झाली होती आणि 11 ऑगस्टला ब्लास्टर हा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरस, सुटला. मध्ये सव्वीस दिवस होते, तरी बहुतेक ऑफिसांत दुरुस्ती बसलेली नव्हती. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन रीस्टार्ट व्हायचं. नेटवर्कची वायर काढायची, सीडीवरून पॅच टाकायचा, वायर पुन्हा लावायची, पुढच्या टेबलाकडे जायचं. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना अपडेटचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. त्याच ऑक्टोबरपासून दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकदम देण्याची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र झालेली असते, त्यामुळे इथल्या आयटीवाल्यांच्या लेखी तो 'पॅचचा बुधवार'.

दुरुस्त्या ऑफिसातच एका सर्व्हरवर उतरवून सगळीकडे वाटण्याची सोय 2002 मध्ये आली आणि जून 2005 मध्ये तिचं मोठं रूप म्हणजे डब्ल्यूएसयूएस आलं. आपल्याकडे त्याची गरज जास्तच होती. 2004 च्या राष्ट्रीय धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं गेलं होतं. एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक नेटवर्कसाठी पूर्ण उतरवायचा तर 266 एमबी. त्या लाइनवर एका प्रतीला सव्वादोन तासांहून अधिक, आणि तीस मशीननी आपापली उतरवली तर जवळपास तीन दिवस लाइन भरलेली. एकदाच उतरवून वाटणं हाच त्यावर उपाय होता.

नेमक्या याच काळात वादाचा निर्णय झाला. जुलै 2005 पासून विंडोजच्या साइटवरून काहीही उतरवायचं तर आधी प्रत खरी आहे का याची तपासणी सक्तीची झाली. कंपनीची बाजू अशी: जो पैसे भरतो त्याला सुविधा मिळावी, जो भरत नाही त्याला नव्या सोयी का द्यायच्या? शिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑटोमॅटिक अपडेटमधून सगळ्यांनाच मिळत राहतील, अशी हमी होती. कागदावर हा भेद स्पष्ट होता आणि कंपनीने ती हमी मोडली असंही म्हणता येत नाही.

पण ऑफिसात तो भेद कुणाला दिसलाच नाही. एप्रिल 2006 मध्ये 'ही प्रत खरी नाही' अशी सूचना देणारं एक साधन आलं, आणि ते आलं ऑटोमॅटिक अपडेटच्याच वाटेने, महत्त्वाच्या अपडेटच्या रांगेत बसून. वर ते दररोज कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधतं हे उघड झालं. त्यावर टीका झाली, रोजचा संपर्क काढून टाकला गेला, पण एव्हाना जे व्हायचं ते झालं होतं. ज्या दारातून औषध यायचं त्याच दारातून झडतीवालाही येतो, हे लोकांनी पाहिलं आणि दारच बंद केलं. मशीन जुळवून देणारे विक्रेते सांगू लागले, "साहेब, ऑटोमॅटिक अपडेट ऑफच ठेवा." पडद्यावर घड्याळाशेजारी अपडेट बंद असल्याची खूण म्हणून लाल ढाल वर्षानुवर्षं तशीच असायची. हे फक्त बनावट प्रतवाल्यांनी केलं असतं तरी समजण्यासारखं होतं. पण ज्यांचं लायसन्स खरं होतं पण कागद सापडत नव्हते, ज्यांचा वर सांगितलेला अपग्रेडचा घोळ होता, तेही घाबरून ऑफ करायला लागले. ऑगस्ट 2007 मध्ये तपासणीचे सर्व्हरच बिघडले आणि जवळपास दिवसभर हजारो खऱ्या प्रती बनावट ठरल्या. भीती अगदीच निराधार नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

2008 च्या ऑक्टोबरची दोन घटनांची जोडी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या महिन्यात एक्सपीच्या बनावट प्रतींचा डेस्कटॉप तासातासाला काळा करणारी नवी सूचना चीनमध्ये पोचली आणि तिथे मोठा गदारोळ झाला. त्याच महिन्यात, 23 तारखेला, मंगळवारची वाट न पाहता एका अत्यंत गंभीर दोषाची तातडीची दुरुस्ती निघाली. महिन्याभरात त्याच दोषाचा फायदा घेणारा कॉन्फिकर हा वर्म आला आणि जगभर लाखो मशीनमध्ये शिरला. तो पेन ड्राइव्हवरून आणि कमकुवत पासवर्डवरूनही पसरत होता, त्यामुळे सगळा दोष बंद अपडेटच्या माथी मारता येणार नाही. पण त्याच महिन्यात अपडेटची वाट विश्वासाची राहिली नव्हती, हे खरं आहे. रोगाला लायसन्स कळत नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या लस न टोचलेल्या मशीनमधून पेन ड्राइव्ह निघाला की तो पूर्ण पैसे भरलेल्या ऑफिसातच येतो. म्हणून परवान्याची वसुली बिलातून, नोटिशीतून, कोर्टातून व्हावी, सुरक्षेच्या दुरुस्तीच्या वाटेवर नको, असं माझं मत तेव्हापासून आहे.

ऑफिसांची सूटही याच सुमारास संपली. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून घाऊक लायसन्सलाही ॲक्टिव्हेशन लागलं. ऑफिसात ॲक्टिव्हेशन देणारा एक केएमएस सर्व्हर ठेवायचा, मशीन त्याला डीएनएसमधून, म्हणजे नेटवर्कच्या नावसूचीतून, शोधणार, 180 दिवसांसाठी ॲक्टिव्हेट होणार आणि दर सात दिवसांनी नूतनीकरण मागणार. अट अशी की किमान पंचवीस मशीननी हजेरी लावल्याखेरीज एकही ॲक्टिव्हेट होत नाही. आमच्या एका शाखेत तीस मशीन होती आणि हजेरीचा आकडा एकाच्या पुढे जाईना. दोन दिवस केबल, फायरवॉल, डीएनएस सगळं तपासलं. मग लक्षात आलं, सगळी मशीन एकाच इमेजवरून क्लोन केली होती आणि सिसप्रेप, म्हणजे प्रत्येक प्रतीला स्वतःची ओळख देणारी पायरी, करायचं राहिलं होतं. तीसही जण एकाच नावाने हजेरी लावत होते. रात्री बसून एकेक मशीन पुन्हा तयार केलं. सत्ताविसाव्या मशीनला बसलो तेव्हा पहिली ॲक्टिव्हेट झालेली दिसली आणि चौकीदाराने आणलेला चहा तसाच गार झाला होता.

पुढच्या घटना बहुतेकांना आठवत असतील. 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा सपोर्ट संपला. 12 मे 2017 ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म आला. त्याची दुरुस्ती 14 मार्चलाच निघाली होती, पण एक्सपीसाठी ती पैसे भरून वाढीव सपोर्ट घेणाऱ्यांनाच होती. हल्ल्यानंतर ती सगळ्यांना मोफत दिली गेली. म्हणजे संकट पुरेसं मोठं झालं की अट बाजूला ठेवता येते, हे कंपनीनेच दाखवलं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा दुसरा वर्म आला, तो युक्रेनमधल्या एका करविषयक पॅकेजच्या अपडेटमधून. त्याच्या तडाख्यात न्हावा-शेवा बंदरातलं एक टर्मिनलही सापडलं आणि कंटेनरची कामं हाताने करावी लागली. इथे अपडेट वेळेवर घेणाराच आधी अडकला, हे त्यातलं सर्वांत त्रासदायक. आपल्याकडे 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला तेव्हा हिशेबाच्या पॅकेजचं 'कायमचं' लायसन्स असलेल्या अनेक छोट्या पेढ्यांना पहिल्यांदाच कळलं की लायसन्स कायमचं असलं तरी नवी आवृत्ती चालू वर्गणीवरच मिळते.

वर्गणीने तर दोन्ही गोष्टी एकच करून टाकल्या. दर महिन्याला दर युजरमागे पैसे, त्यातच वापर आणि त्यातच अपडेट. वर्गणी थांबली की दोन्ही थांबलं. ऑफिसातल्या सर्व्हरवरून वाटण्याची जुनी सोयही मागे पडते आहे: सप्टेंबर 2024 मध्ये डब्ल्यूएसयूएसचा विकास थांबवल्याचं जाहीर झालं. ते चालू राहील, पण त्यात नवं काही येणार नाही. त्याच्या दोनच महिने आधी, 19 जुलैला, एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पाडली आणि भारतात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. अपडेट आधी आपल्याकडच्या दहा मशीनवर टाकून पाहण्याची डब्ल्यूएसयूएसच्या काळातली सवय जुनाट म्हणणाऱ्यांनी त्या दिवसानंतर ती पुन्हा विचारात घेतली.

आता विंडोज 10 च्या वाढीव सपोर्टची रीत पाहिली की 2005 ची आठवण येते. घरच्या मशीनला वर्षभरासाठी मोफत किंवा 30 डॉलरचा पर्याय आहे, पण डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या मध्यवर्ती लॉगिन व्यवस्थेला, जोडलेल्या मशीनला तो लागू नाही. ऑफिसने पैसे भरायचे, त्या वर्षाची एक वेगळी की घ्यायची, ती प्रत्येक मशीनवर टाकून ॲक्टिव्हेट करायची. ॲक्टिव्हेशन झालं की पुढच्या 'पॅचच्या बुधवारी' त्या मशीनवर अपडेट दिसतं, नाही झालं तर दिसत नाही. दुसऱ्या वर्षी नवी की, दुप्पट दराने, आणि मध्येच सामील होणाऱ्याला आधीच्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात.