अपंगत्व जास्त म्हणून आत्मविश्वास कमी? हे गणितच चुकीचं

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी जितकी मोठी, तितकं मूल करिअर ठरवताना कचरणार, हा समज घरोघरी आहे आणि दुर्दैवाने शिक्षकांतही. पण 40 किंवा 75 टक्के हा आकडा अपंगत्वाचा आहे, निर्णय घेण्याच्या विश्वासाचा नव्हे.

असा विश्वास येतो कुठून, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं: स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्याला ते करताना पाहणं, इतरांचे शब्द आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. सर्वांत वजनदार पहिलं. नेमकं तेच अनेक दिव्यांग मुलांना मिळत नाही. बँकेचा फॉर्म वडील भरतात, शिक्षणाची शाखा काका निवडतात. मग अठराव्या वर्षी ‘आता तूच ठरव’ म्हटल्यावर पोर गोंधळणारच. (प्रेरणादायी भाषणं तिसऱ्या प्रकारात मोडतात, म्हणून टाळ्यांबरोबर त्यांचा असरही ओसरतो.)

टेलर आणि बेट्झ या संशोधकांनी 1983 मध्ये करिअर ठरवण्याचा हा विश्वास पाच कामांत मोजला: स्वतःची पारख, व्यवसायांची माहिती, ध्येयनिवड, नियोजन, अडचणी सोडवणं. तेव्हा नेमकं कुठे अडतंय ते आधी विचारा. दृष्टिहीन विद्यार्थी माहितीपाशी अडला असेल, तर माहितीपत्रक तपासा. स्कॅन केलेलं पान म्हणजे चित्र. मजकूर ओळखून घेतल्याशिवाय स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यात वाचायला काहीच सापडत नाही. तिथे समुपदेशन नको, वाचता येणारी फाइल हवी. शेवटच्या कामात अडत असेल, तर परीक्षेतला लेखनिक किंवा तासाला 20 मिनिटं जादा वेळ मागणारा अर्ज त्यालाच लिहू द्या, चुकला तरी.