तरंगलांबी-विभाजन मल्टिप्लेक्सिंग

एकाच प्रकाशतंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश एकाच वेळी सोडून प्रत्येकीवर स्वतंत्र माहिती पाठवण्याचे तंत्र. दूरसंचार क्षेत्रात ते डब्ल्यूडीएम म्हणून ओळखले जाते. केबल टाकताना बहुतेक पैसा खोदाई, परवानग्या आणि समुद्रात जहाजांवर जातो. त्या मानाने काचेचा तंतू स्वस्त असतो. त्यामुळे पुरलेल्या केबलला हात न लावता तिच्या दोन टोकांची उपकरणे बदलून क्षमता अनेक पटींनी वाढवता येणे, हे या तंत्राचे सर्वांत मोठे बळ.

पाठवणाऱ्या टोकाला प्रत्येक वाहिनीचा, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा, स्वतंत्र लेसर असतो. मल्टिप्लेक्सर हे सगळे प्रकाश एका तंतूत एकवटतो आणि दुसऱ्या टोकाचा डीमल्टिप्लेक्सर ते पुन्हा वेगळे करतो.

सुरुवातीला १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोनच तरंगलांबी एकत्र पाठवल्या जात. अडचण अंतराची होती. १५५० नॅनोमीटरला तंतूत दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल प्रकाश घटतो, म्हणजे १०० किलोमीटरनंतर जेमतेम शंभरावा भाग उरतो. वाटेत प्रत्येक वाहिनी वेगळी काढायची, तिचे विद्युत संकेतात रूपांतर करायचे आणि नव्या लेसरने ती पुढे पाठवायची, असा खटाटोप करावा लागे. वाहिन्या वाढल्या की ही यंत्रणाही तितक्याच पटीने वाढे. १९८७ च्या सुमारास साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि बेल लॅब्जमध्ये एमॅन्युएल डेसुरव्हिर यांच्या गटांनी एर्बियम या धातूचे मिश्रण असलेल्या तंतूचा विवर्धक, म्हणजे प्रकाश वाढवणारे साधन, दाखवला आणि कोंडी फुटली. ९८० किंवा १४८० नॅनोमीटरच्या लेसरने एर्बियमच्या आयनांना ऊर्जा दिली, की ते १५३० ते १५६५ नॅनोमीटर या ‘सी’ पट्ट्यातल्या सर्व वाहिन्या एकदमच वाढवतात. प्रकाशाची वीज करावीच लागत नाही. डब्ल्यूडीएम खऱ्या अर्थाने परवडू लागले ते या विवर्धकामुळे.

दोन मुख्य प्रकारांतला फरक लेसरच्या तापमानात दडला आहे. तापमान एक अंशाने वाढले की लेसरची तरंगलांबी साधारण ०.१ नॅनोमीटर सरकते. सीडब्ल्यूडीएममध्ये, म्हणजे विरळ वाहिन्यांच्या प्रकारात, वाहिन्यांत २० नॅनोमीटरचे अंतर असल्याने हे सरकणे खपून जाते आणि लेसरला शीतक लागत नाही. १२७१ ते १६११ नॅनोमीटरमध्ये अशा १८ वाहिन्या बसतात. जुन्या तंतूंत मात्र १३८३ नॅनोमीटरच्या आसपास काचेतले हायड्रॉक्सिल प्रकाश शोषून घेते, त्यामुळे तिथल्या वाहिन्या बाद होतात. शिवाय इतका रुंद पट्टा एर्बियम विवर्धकाच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून हा प्रकार कमी अंतरासाठीच योग्य. डीडब्ल्यूडीएममध्ये, म्हणजे दाट वाहिन्यांच्या प्रकारात, वाहिन्यांतले अंतर १०० गिगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम ०.८ नॅनोमीटर, किंवा त्याच्याही निम्मे असते. इथे लेसरचे तापमान काटेकोर राखावेच लागते.

वाहिन्या दाटीने बसवल्या की त्या एकमेकींत मिसळून नव्या वारंवारता निर्माण करतात आणि त्या नेमक्या शेजारच्या वाहिन्यांवर येऊन पडतात. १५५० नॅनोमीटरला अपस्करण, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या वेगाने जाणे, शून्य व्हावे म्हणून मुद्दाम बनवलेल्या तंतूंत हा त्रास सर्वाधिक होतो, कारण तिथे वाहिन्या एकाच लयीत पुढे सरकतात. थोडे अपस्करण असलेलेच बरे, हे यातून उमगले.

प्रकाशाची कला (फेज) आणि ध्रुवीकरण (लहरीच्या कंपनाची दिशा) दोन्ही वापरणाऱ्या कोहेरंट ग्रहणामुळे वाहिनीमागे सेकंदाला १०० गिगाबिट पाठवणे शक्य झाले. अशा ८० वाहिन्यांचे ८ टेराबिट होतात. आता एका वाहिनीची क्षमता शॅननच्या मर्यादेजवळ, म्हणजे सैद्धांतिक कमाल क्षमतेजवळ, पोहोचत असल्याने वाढीसाठी ‘सी’ पट्ट्याहून लांब तरंगलांबींचा ‘एल’ पट्टा वापरात घेतला जातो, आणि त्याला वेगळे विवर्धक लागतात.