दप्तराखाली वाकलेला मुलगा : हास्यचित्र की व्यंगचित्र?

रविवारी रात्री साडेनऊला लेकीच्या वहीत एक ओळ सापडली : ‘वर्तमानपत्रांतील दोन हास्यचित्रे व दोन व्यंगचित्रे कापून चिकटवहीत लावा. प्रत्येकाखाली कारण लिहा. विषय : मुलांचा अभ्यास व घर.’ मुदत सोमवारची. ओळ मंगळवारपासून वहीत होती, हे ओघाने आलंच. आणि रद्दीवाला शनिवारीच येऊन गेला होता.

“आई, दोन्ही एकच ना गं?” तिने विचारलं. मी कणीक मळता मळता “हो, जवळजवळ” म्हणून मोकळी झाले. तेवढ्यात आतल्या खोलीतून माझे सासरे, म्हणजे तिचे आबा, “अजिबात नाही” म्हणाले आणि पत्र्याची पेटी घेऊन बाहेर आले. मुलुंडला राहायला येताना निम्मं सामान चाळीतच सोडावं लागलं, पण ही पेटी आली. तिच्यात आबांची कात्रणं आहेत. पुढचे दोन तास आमचं जेवण, भांडी आणि हा प्रश्न असं सगळं एकत्रच चाललं होतं.

घोळ शब्दांपासूनच सुरू होतो. आपण सगळ्यालाच कार्टून म्हणतो. टीव्हीवर पळणारं मांजर कार्टून, अग्रलेखाशेजारचा मंत्री कार्टून, आणि वर्गातला एखादा गमत्या मुलगाही कार्टूनच. मुळात हा शब्द जाड कागदाचा. इटलीत भिंतीवर चित्र रंगवायच्या आधी जाड कागदावर कच्चा आराखडा काढत, ते कार्टून. १८४३ मध्ये लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने पार्लमेंटच्या भिंतींसाठी मांडलेल्या अशा आराखड्यांची टर उडवत स्वतःच्या बोचऱ्या चित्रांना तेच नाव दिलं, आणि ते चिकटलं ते कायमचं. मुंबईला ही लागण व्हायला फार वेळ लागला नाही. १८५४ मध्ये इथे ‘पारसी पंच’ निघालासुद्धा.

मराठीने मात्र दोन शब्द केले, आणि त्यातल्या एकात आणखी एक गाठ मारून ठेवली. ‘व्यंग’ म्हणजे उणीव, शरीरातला दोष. ‘व्यंग्य’ म्हणजे व्यंजनेने कळणारा, न बोलता सुचवलेला अर्थ. हिंदीवाले ‘व्यंग्यचित्र’ लिहितात, आपण ‘य’ गाळून ‘व्यंगचित्र’ लिहितो. व्याकरणाचे भोक्ते यावरून अधूनमधून हळहळतात. मला विचाराल तर आपली चूक फायद्याचीच झाली. त्या एका शब्दात दोष दाखवणंही आलं आणि न बोलता सुचवणंही. ‘हास्यचित्र’ त्या मानाने सरळ शब्द. चित्र आहे, हसू येतं, विषय संपला. (नाक लांब, हनुवटी पुढे अशी ओळखीच्या माणसाची चेहरेपट्टी फुगवून काढली की ते अर्कचित्र. ते दोन्हीकडे कामाला येतं, म्हणून त्याला इथे बाजूला ठेवते.)

आबांनी लेकीला व्याख्या सांगितली नाही. पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून दाखवलं. टेबल. त्यावर डोकं टेकून झोपलेला मुलगा. शेजारी जीभ दातांत धरून त्याचा निबंध लिहिणारा बाप. मागे उभी आई म्हणतेय, “अक्षर जरा वाईट काढा, बाईंना संशय येईल.”

“हसू आलं?”

“आलं.”

“कुणाचा राग आला?”

“नाही. बाबा असंच करतात.”

“मग हे हास्यचित्र.”

(बाबा तेव्हा गॅलरीत फोनवर होते, बरं झालं.)

मग आबांनी त्याच चित्रातला मुलगा खोडला. टेबलावर वह्यांची चळत मांडली. बापाच्या डोक्यावर पाटी लावली : ‘प्रकल्प, तक्ते, प्रतिकृती वेळेत करून मिळतील. पहिल्या नंबराचे दर वेगळे.’ समोर पालकांची रांग काढली, आणि रांगेत सगळ्यात पुढे, स्वतःच्या मुलाची वही घेऊन, शाळेच्या बाई. लेक हसली, मग गप्प झाली, मग म्हणाली, “पण बाईच असं करायला लागल्या तर...” ते वाक्य तिने पुरं केलं नाही. आबा म्हणाले, “हे झालं व्यंगचित्र.”

दोन्ही चित्रांत तेच टेबल आहे, तोच बाप, तोच गृहपाठ. फरक आहे तो हसू कशातून येतं यात. हास्यचित्र विसंगतीवर थांबतं. मोठा माणूस लहान मुलाच्या वहीवर वाकलाय, एवढंच त्याला पुरतं. तिथे सगळेच थोडे थोडे चुकलेले असतात, आणि त्यांना माफ करूनच चित्रकाराने पेन उचललेलं असतं. व्यंगचित्राला विसंगतीच्या मागचा माणूस किंवा व्यवस्था हवी असते. रांग कुणी लावली? दर कुणी ठरवले? ते बोट दाखवतं, आणि गंमत अशी की बरेचदा ते बोट पाहणाऱ्याकडेच वळलेलं असतं.

या दोन तऱ्हांसाठी आबांच्या पेटीत दोन नावं वर होती. एक शि. द. फडणीस. जन्म १९२५ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांची कितीतरी चित्रं शब्दांवाचूनच चालतात. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरचं त्यांचं चित्र आधी हसवतं आणि मग आपल्याला कळतं की यात एकही अक्षर नाही. त्यांच्या प्रदर्शनाचं नावही ‘हसरी गॅलरी’. आणि आमच्या विषयाला धरून सांगायचं तर बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांनी चित्रं काढली आहेत. म्हणजे महाराष्ट्रात पोरांनी ज्या पुस्तकांतून गृहपाठ केला, त्याच पानांवर हास्यचित्रकार बसलेला होता. असं असून त्यांचा सत्कार करताना निवेदक म्हणतो ‘ज्येष्ठ व्यंगचित्रकार’. घोळ इथपर्यंत पोचलेला आहे. आपल्याकडे धंद्याचं नावच ‘व्यंगचित्रकार’ पडलंय, मग माणूस चिमटा काढो वा गुदगुल्या करो.

दुसरं नाव आर. के. लक्ष्मण. त्यांना त्याच जे. जे.ने प्रवेश नाकारला होता. पुढे ते मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये आले, तिथे बाळ ठाकरे त्यांचे सहकारी होते. नंतर लक्ष्मण ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गेले आणि जे. जे.पासून हाकेच्या अंतरावरच्या त्या इमारतीत बसून त्यांनी अख्खी कारकीर्द काढली. ठाकऱ्यांनी १९६० मध्ये ‘मार्मिक’ काढलं, ती व्यंगचित्राची आणखी निराळी, ठोशाची तऱ्हा. लक्ष्मण यांचं ‘यू सेड इट’ १९५१ पासून पहिल्या पानावर एका रकान्यात येऊ लागलं. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, आणि तोंडातून चकार शब्द नाही, असा तो कॉमन मॅन. वरळी सी-फेसवर त्याचा पुतळा आहे. शाळेची सहल त्याच्यासमोर फोटो काढते आणि पुढे जाते.

माझी गल्लत झाली होती ती या कॉमन मॅनमुळेच. पहाटे पेपर उघडला की घर दिसायचं. बायको, खुर्ची, चहा. घर म्हणजे हास्यचित्र आणि विधानसभा म्हणजे व्यंगचित्र, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पण लक्ष्मण यांच्या चित्रात घर म्हणजे नेम धरायची जागा. बायको जे बोलते ते नवऱ्याला उद्देशून, पण लागतं ते मंत्रालयात. उलट नेत्यांचं चित्रही नुसतं हास्यचित्र असू शकतं. दोन कट्टर विरोधक एकाच छत्रीखाली दादर स्टेशनबाहेर अडकलेत, आणि दोघांनाही टॅक्सी मिळत नाही. यात कुठलं धोरण आहे? पाऊस आहे, बस्स.

दुसरी गल्लत चौकटींची. लेकीच्या मैत्रिणीने फोनवर ठामपणे सांगितलं की एक चौकट असेल तर व्यंगचित्र, तीन-चार असतील तर हास्यचित्र. तसं नाही. चित्रपट्टी हा आकार आहे, जात नाही. पण ती मुलगी पूर्ण चुकलेलीही नव्हती. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये रोज यायला लागला. रोज भेटणारा मुलगा हळूहळू घरचा होतो. तो अभ्यास टाळणार हे आपल्याला कालपासून माहीत असतं, आणि आज कसा टाळतो एवढंच बघायचं असतं. ओळखीच्या घरावर वार करायला चित्रकाराचाही हात उचलत नाही, म्हणून पट्टीचा कल हास्याकडे जातो. एकट्या चौकटीला मात्र उद्याची खात्री नसते, तिला आजच्या आजच बोलून घ्यायचं असतं. अपवाद म्हणून बिल वॉटरसनच्या अमेरिकी चित्रपट्टीतला कॅल्विन घ्या. १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षं तो सहा वर्षांचाच राहिला आणि गृहपाठापासून पळत राहिला. वरून पाहिलं तर निव्वळ वात्रटपणा. पण पळता पळता तो असे काही प्रश्न विचारतो की शाळा नावाची सगळी यंत्रणाच जरा वेडगळ दिसायला लागते. तिथे पट्टी हास्यचित्राची आणि धार व्यंगचित्राची.

साडेदहाला आबांची पेटी उलटी झाली आणि मग खरी मजा सुरू झाली. दिवाळी अंकांतल्या कौटुंबिक विनोदांचा गठ्ठा निघाला. लाटणं घेऊन दारात उभी बायको, पेपराआड दडलेला नवरा, पाठीमागे प्रगतिपुस्तक लपवणारा मुलगा. ही सगळी हास्यचित्रं, आणि हास्यचित्र कधी शिळं होत नाही, व्यंगचित्र मात्र दुसऱ्या दिवशी वडे बांधायला जातं, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते.

“आबा, ही बाई लाटणं घेऊन दारात का उभी आहे? पोळ्या दारात करतात?”

आबांनी समजावलं. तिला हसू आलं नाही. खरं तर मलाही आलं नाही, पण मी सून आहे, मी हसले. प्रगतिपुस्तकाचंही तेच झालं. लाल शाईतला ‘नापास’ हा त्या चित्राचा प्राण. शिक्षणहक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीपुरती वाट राज्यांना पुन्हा मोकळी करून दिली गेली, पण मधल्या काळात वाढलेल्या मुलांना ते पुस्तक का लपवायचं हेच ठाऊक नाही. आमच्याकडे तर गुण आधी माझ्या फोनवर येतात. लपवायचंच झालं तर तिला माझा फोन लपवावा लागेल.

म्हणजे ज्यांना कायमची म्हणतात ती हास्यचित्रं घर बदललं तशी विझली. आणि टिकलं काय? पेटीच्या तळाशी, कडा तपकिरी झालेलं, कुठल्या पेपरातलं तेही आता कळत नाही असं एक चित्र होतं. दप्तराखाली दुमडलेला मुलगा, आणि त्या दप्तरावर चढून भाषण करणारे साहेब : ‘आम्ही ओझे कमी करणार आहोत.’ लेक खदखदून हसली. “हे आत्ताचंच आहे ना?”

नाही. आणि तरी हो. लक्ष्मण यांचे थोरले भाऊ, कादंबरीकार आर. के. नारायण, राज्यसभेवर नामनियुक्त होते. १९८९ मध्ये तिथल्या आपल्या पहिल्या भाषणात ते देशाच्या मोठमोठ्या प्रश्नांवर बोलले नाहीत, दप्तराखाली वाकणाऱ्या मुलांवर बोलले. घरात व्यंगचित्रकार असल्याचा हा परिणाम असावा, असं मला उगाचच वाटतं. १९९२ मध्ये प्रा. यशपाल यांची समिती नेमली गेली, १९९३ मध्ये तिने ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. मग २०२० मध्ये केंद्राचं दप्तर-धोरण आलं : दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत, दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला दोन तास, सहावी ते आठवी रोज एक तास. लेकीचं वजन ३४ किलो. आम्ही त्याच रात्री तिचं दप्तर वजनकाट्यावर ठेवलं. सहा किलो शंभर ग्रॅम भरलं, आणि डबा-बाटली वेगळी. रोजचा एक तास तर जेवायच्या आधीच संपला होता.

व्यंगचित्र शिळं व्हायचं तर ज्याच्यावर ते काढलंय ती गोष्ट आधी संपावी लागते. इथे ती संपलेली नाही, म्हणून त्या चित्रातल्या साहेबांची फक्त टोपी जुनी झाली होती. मी हे आबांना म्हटलं तर ते म्हणाले, “काढणाऱ्याला याचा आनंद होत नसेल, सूनबाई.”

अकरा वाजले. दोन हास्यचित्रं मिळाली होती. लाटणंवाली बाई तिने नाकारली, एक ‘चिंटू’ आणि एक शब्दांवाचूनचं चित्र घेतलं. दप्तरवाल्या साहेबांवर फेव्हिकॉल लावताना आबांचा जीव खालीवर होत होता, पण त्यांनी दिलं. एक व्यंगचित्र कमी पडत होतं. “मीच काढते,” लेक म्हणाली. पाच मिनिटांत तिने काढलं : टेबलावर डोकं ठेवून झोपलेली ती, कात्री घेतलेले आबा, डिंकाने बोटं चिकटलेली मी, आणि भिंतीवरचं घड्याळ. खाली लिहिलं, ‘माझा स्वाध्याय’. कारणाच्या जागी तिने फक्त घड्याळाकडे बाण काढला.

बुधवारी वही परत आली. तीन चित्रांना बरोबरच्या खुणा. चौथ्याखाली लाल शाईत : ‘चित्र सुबक आहे, परंतु हे हास्यचित्र आहे. एक व्यंगचित्र शोधून चिकटवणे.’

सोमवारपर्यंत.